तेराव्या संमेलनाची तिसरी रांग

पेटीवरची कागदी पट्टी टर्रकन फाटली आणि अख्ख्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. बाइंडरताईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. ही पट्टी अशी फाटायला नको होती.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ती चिकटवली होती. पिठाची खळ शिजवून, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालून. जन्मभर पुस्तकं बांधून ज्या बाईची बोटं झिजली, तिला आपली खळ ओळखू येणार नाही? इतकी जुनी खळ कोरडी पडते, नुसतं नख लावलं की पोपडा निघावा तशी सुटते. आणि ही पट्टी बघा, चिवटपणे ताणली गेली आणि मधेच फाटली.

"ताई, या ना वर!" सचिवबाईंनी माइकवरून हाक मारली.

ताई उठल्या. आजच्या दिवसासाठी त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. सकाळी घरातून निघताना दादाने, त्यांच्या थोरल्या भावाने, डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं होतं. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून त्याची उजवी बाजू गेली होती, पण जीभ शाबूत होती.

"पत्र तूच वाच," तो म्हणाला होता. "माइकवरून वाच. आणि त्याला समोर बसव."

'तो' म्हणजे कप्तान.

विज्ञानकथाप्रेमींचं हे चाळिसावं संमेलन. पहिलं भरलं ते दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. नऊ माणसं जमली होती, त्यातला एक तर दाढ दाखवायला आला होता आणि तिथेच रमला. आता चारशेवर माणसं येतात, कॉलेजचं सभागृह पुरत नाही. पण जुन्या प्रथा अजून चालतात. पहिल्या सकाळी हजेरी होते ती नावांनी नाही, सभासद क्रमांकांनी. दुपारी रद्दीवाचन असतं. वर्षातली सगळ्यात भिकार कथा गंभीर चेहऱ्याने वाचायची आणि जो हसेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. दर वर्षी वृत्तांताचा अंक निघतो. तेराव्या वर्षी सभागृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, तेव्हा त्या नऊ जणांनी दवाखान्यात बसून संमेलन कागदावर भरवलं. तो अंक आजही सगळ्यांत जाड आहे.

आणि ही पेटी. चंदेरी रंगाची पत्र्याची ट्रंक. पंधराव्या संमेलनात बंद केलेली, चाळिसाव्यात उघडायची. तिच्यात सभासदांची भाकितं, पत्रं, फोटो. आणि तळाशी एक खाकी पाकीट. त्यावर लिहिलेलं, 'तंटा'.

तंटा झाला चौदाव्या संमेलनात. दादाने स्पर्धेत 'मुक्काम शून्य' ही कथा वाचली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात कप्तान उठला आणि म्हणाला, "कथा माझी आहे. माझ्या वहीतून चोरली." कप्तान म्हणजे भूगोलाचा मास्तर. दर वर्षी वेशभूषेच्या कार्यक्रमात अंतराळयानाचा कप्तान होऊन यायचा, म्हणून ते नाव पडलं. दादाचा सख्खा मित्र, एका ताटात जेवणारा! डॉक्टरांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. दादाने स्वतःजवळचा एकमेव पुरावा, कप्तानने त्याला लिहिलेलं एक पत्र, भोळेपणाने चौकशीत देऊन टाकलं. निकाल लागला तो दादाच्या विरुद्ध. त्याचं नाव सभासदांतून काढलं. कागद पाकिटात गेले, पाकीट पेटीत गेलं. 'मुक्काम शून्य' कप्तानच्या नावाने छापली गेली, तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, शाळेच्या पुस्तकात गेली. दादा रेडिओ दुरुस्त करत राहिला. त्याने पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

ताई मात्र संमेलन सोडून गेल्या नाहीत. उलट संमेलनाचं सगळं दप्तर त्यांनी आपल्या हातात घेतलं. लोकांना वाटलं, किती मोठ्या मनाची बाई! मोठं मन कसलं, ताई पेटीवर लक्ष ठेवून होत्या.

आज पाकीट निघालं. ताईंनी हात पुढे करायच्या आत सचिवबाईंनी ते उघडलंही. आत टाइप केलेला एकच कागद होता. खाली दादाची सही. सचिवबाईंनी उत्साहाने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला.

"'मुक्काम शून्य' ही कथा माझी नाही. मी ती चोरली. तेराव्या संमेलनात माइक बंद पडला, तेव्हा कप्तानांनी ती बिनमाइकची वाचली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. घरी जाऊन मी ती आठवून लिहून काढली आणि पुढच्या वर्षी माझी म्हणून वाचली. चौकशीत मी खोटं बोललो."

पहिल्या रांगेत डॉक्टर कानामागे हात धरून शेजाऱ्याला विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली?" कप्तानची मान एका वाक्याला झटकन वर झाली होती. मग ती सावकाश खाली गेली आणि त्याने डोळे मिटून घेतले. ताईंनी ते नीट पाहून ठेवलं.

"हे दादाने लिहिलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"मग काय परग्रहावरून आलं?" मागून कोणीतरी बोललं आणि चारशे माणसं हसली.

हसा, ताई मनात म्हणाल्या, पोटभर हसून घ्या. मोठ्याने त्या एवढंच बोलल्या, "पेटीच्या कागदावर वाद आला, तर दप्तर सांभाळणाऱ्याने त्याचा निकाल लावायचा, असा आपला नियम आहे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

सचिवबाई अवघडल्या. "पाच वाजता कप्तानांचा जीवनगौरव आहे, ताई. त्यांच्या चरित्राचं प्रकाशनही. तोवर काय ते बघा."

"पाच वाजेपर्यंत होईल," ताई म्हणाल्या.

पेटी मंचामागच्या खोलीत हलवली. ताईंनी बोट ओलं करून पट्टीच्या मागच्या बाजूला चोळलं. खळ असती तर पाणी लागताच चिकट झाली असती, बोटाला मोरचुदाची हिरवट छटा लागली असती. इथे रबरासारखा पांढरा पापुद्रा होता. सुतार वापरतात तो गोंद. कडेला मात्र जुन्या खळीचा हिरवट डाग राहिला होता. म्हणजे पट्टी मूळचीच, तिच्यावरच्या सह्याही खऱ्या. कोणीतरी ती कोमट पाण्याने अलगद सोडवली, काम उरकलं आणि गोंदाने परत चिकटवली.

"पेटी नेहमीच्याच जागी होती ना?" त्यांनी सचिवबाईंना विचारलं. सचिवबाई याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत.

"प्रयोगशाळेच्या कोठीत. नेहमीसारखी."

"महिन्यापूर्वी मी पट्टी पाहिली तेव्हा ती शाबूत होती. त्यानंतर किल्ली कोणाकोणाकडे गेली?"

सचिवबाईंनी वही उघडली. "माझ्याकडे तर असतेच. डॉक्टर एकदा आले होते, पेटीतल्या वस्तूंची जुनी यादी तपासायला. कप्तान पेटीबरोबर फोटो काढायला आले होते. आणि इतिहासकार तीन दिवस होते, प्रदर्शनाची मांडणी करत."

"यादीत पाकिटाबद्दल काय लिहिलंय?"

"'तंट्याचं पाकीट. जबानी आणि पत्र.' ही यादी चौघांनीही पाहिलीय, ताई. मीही."

"आणि पत्र निघालंच नाही."

"नाही." सचिवबाईंनी वही मिटली. "माझ्यावर संशय घेताय का?"

"घेतेय," ताई म्हणाल्या. "तुम्ही कितव्या संमेलनापासून येता?"

"एकोणिसाव्या. तंटा झाला तेव्हा मी शाळेत होते हो!"

डॉक्टर चहाच्या टेबलापाशी सापडले. ऐंशीला टेकलेले, एका कानाने पूर्ण बहिरे, दुसऱ्याने सोयीपुरते. ताईंनी त्यांना खिडकीशी नेलं आणि त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं.

"पाकिटात पत्र होतं की नव्हतं?"

"होतं. मीच घातलं."

"काय लिहिलं होतं त्यात?"

डॉक्टरांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "तुला माहीत आहे, अगं."

"मला दादाने सांगितलेलं माहीत आहे. तुम्ही वाचलेलं सांगा."

"कप्तानने तुझ्या भावाच्या कथेची तारीफ केली होती. स्पर्धेच्या चार महिने आधी."

ताईंनी डॉक्टरांच्या हातातला कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. "म्हणजे कथा कोणाची, हे तुम्हाला कळलं होतं. आणि तरी तुम्ही माझ्या भावाला चोर ठरवलंत?"

"हळू बोल, हळू! कप्तान गेला असता तर संमेलन मोडलं असतं गं. जागा त्याच्या ओळखीने मिळायची, माणसं त्याच्या नावाने यायची. तुझा भाऊ गरीब स्वभावाचा. म्हटलं, सोसेल. पत्र फाडायला मात्र हात धजेना, म्हणून पेटीत टाकलं. पंचवीस वर्षांनी कोण जिवंत असणार, असं वाटलं."

"आम्ही आहोत ना जिवंत! पत्राबद्दल कोणाकोणाला बोललात?"

"कप्तानला कधीच नाही. तुझ्या भावाने पत्र चौकशीत दिलंय, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं, ती यादी पाहीपर्यंत. सचिवबाईंनी एकदा विचारलं तेव्हा मी उडवून लावलं. इतिहासकाराला मुलाखत दिली तेव्हा... काहीतरी बोललो असेन. आता काय आठवणार!"

"सकाळी कबुलीजबाब वाचला, तो ऐकलात?"

"छे, एक शब्द नाही. शेजारी म्हणाला, त्याने गुन्हा कबूल केला. मी म्हटलं, कसं शक्य आहे? पण गप्प बसलो."

"गप्प बसण्यात तुमचा हात कोण धरणार!" ताई म्हणाल्या आणि तिथून निघाल्या.

कप्तान मंचाशेजारच्या खोलीत आरशासमोर बसला होता. पांढराशुभ्र सदरा, केस नीट मागे वळवलेले. ताईंना पाहताच त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बस. फार वाईट झालं. तुझ्यासाठी वाईट वाटतं."

"तुम्ही पेटीपाशी गेला होता?"

"फोटोसाठी. दहा मिनिटं. इतिहासकार बरोबर होता, त्यानेच फोटो काढला."

"पाकिटात तुमचं एक पत्र होतं."

"पत्रं मी हजारो लिहिली असतील."

"सकाळच्या कबुलीत जे लिहिलंय, ते सगळं खरं आहे?"

आरशात बघत कप्तानने सदऱ्याची गुंडी लावली, मग पुन्हा काढली. "तो स्वतःच म्हणतोय, तर असेल खरं."

"माइक बंद पडला, तिसरी रांग, तुम्ही वाचलीत, सगळं?"

"इतक्या वर्षांनी कोण रांगा मोजतो? मी केव्हाच माफ केलंय त्याला. त्याला सांग तसं."

ताईंना वाटलं, इथेच याची गचांडी धरावी. पण पाचला अजून दोन तास होते, आणि पत्र हाती नव्हतं. त्या उठल्या. "निरोप देईन," म्हणाल्या.

प्रदर्शन वरच्या मजल्यावर होतं. एकोणचाळीस वर्षांचे अंक काचेखाली, फोटोंचे फलक, संमेलनाचा पहिला टाइपरायटर नवी फीत घालून चालू केलेला. येणारी माणसं त्यावर आपलं नाव टाइप करून बघत होती. फलकांमागे गोंदाचा अर्धा डबा होता, पांढऱ्या गोंदाचा. आता असा डबा वेशभूषेवाल्यांकडेही होता आणि सचिवबाईंच्या टेबलाखालीही.

इतिहासकार एका पोरीवर डाफरत होता. "पत्रकाची घडी घालू नका! शंभर वर्षांनी ही घडी फाटेल, कळतं का?" ती बिचारी पत्रक सरळ करत पळाली. हा माणूस वकिलाकडे कारकून होता, पण जीव सगळा या संमेलनात. एकविसाव्यापासून एकही चुकवलेलं नाही. गेली नऊ वर्षं कप्तानचं चरित्र लिहीत होता. बगलेत कायम काळी फाईल, आत पारदर्शक कप्पे. जेवतानाही ती बगलेतून सुटत नसे. एकदा ताईंनी तिसऱ्या अंकाची गंजकी टाचणी काढून फेकली, तर गडी आठ दिवस अबोला धरून होता.

"ताई, मन घट्ट करा," तो म्हणाला. "इतिहास कधीकधी फार कठोर असतो."

"माझा विश्वास बसत नाही रे. तूच सांग. तू सगळं वाचलंयस. हे तिसऱ्या रांगेचं वगैरे खरं असेल?"

"असणारच!" त्याचा चेहरा खुलला. त्याने तेराव्या अंकाच्या काचेवर बोट ठेवलं. "हे बघा ना. उपस्थिती एकशे बारा. दुपारच्या सत्रात माइक बंद. 'कप्तानांनी खड्या आवाजात बिनमाइकचं कथावाचन केलं.' कथेचं नाव दिलेलं नाही, पण तीच असणार. माझ्या पुस्तकात या दिवसावर अख्खं प्रकरण आहे. कबुलीतला शब्द न् शब्द जुळतो."

"जुळतो खरा," ताई म्हणाल्या. "तुझं पुस्तक छापून आलं?"

"खाली गठ्ठे आहेत. पाच वाजता." त्याने काळी फाईल बगलेत आणखी घट्ट धरली.

पाच वाजता सभागृह भरलं. ताईंनी स्वतः जाऊन दोन्ही दारं लावून घेतली. मंचावर कप्तान, डॉक्टर, सचिवबाई आणि इतिहासकार होते, टेबलावर रेशमी कापडात बांधलेलं चरित्र. ताईंनी माइक हातात घेतला.

"सत्काराच्या आधी पाकिटाचा निकाल," त्या म्हणाल्या. "आधी पट्टी. ती मी खळीने चिकटवली होती. आज तिच्यामागे सुतारी गोंद निघाला. म्हणजे पेटी महिनाभरात उघडली गेली. कोठीची किल्ली मिळालेली माणसं चार. चौघंही मंचावर आहेत."

कुजबुज झाली.

"आता कबुली. चोराला नुसतं पत्र काढून घेता आलं असतं. पण पत्राशिवाय पाकीट निघालं असतं, तर मी आकाशपाताळ एक केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने माझं तोंड बंद करायला खऱ्या जबानीच्या जागी ही कबुली घातली. दादाची सही सभासदत्वाच्या अर्जावरून गिरवली. वर प्रदर्शनात चालू टाइपरायटर आहे, जुने कोरे कागद दप्तराच्या कपाटात आहेत. खरी वाटावी म्हणून तपशील घातला तेराव्या संमेलनाच्या वृत्तांतातून. माइक, बिनमाइकचं वाचन, तिसरी रांग." ताई डॉक्टरांकडे वळल्या आणि त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून ओरडल्या, "डॉक्टर! तेराव्या संमेलनाला किती माणसं होती?"

डॉक्टर दचकले. मग एवढ्या ताणातही त्यांना हसू फुटलं. "तेराव्याला? अगं, ते कुठे झालं होतं? ते आपण माझ्या दवाखान्यात बसून लिहून काढलं, नऊ जणांनी!"

सभागृहात गलका उडाला. ताईंनी तो शमू दिला.

"छप्पर नव्हतं म्हणून संमेलन रद्द झालं. पण विज्ञानकथावाले आम्ही, न झालेलं संमेलन लिहायला आम्हाला काय जड! एकशे बारा उपस्थिती लिहिली. भाषणं लिहिली, भांडणं लिहिली. ज्यांना पोस्टाने अंक गेला ते बोलावलं नाही म्हणून वर्षभर रुसले होते. नऊ जणांनी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. आपण मेल्यावर ते संमेलन खरंच झालेलं असेल. मी तेव्हा अंक बांधायला होते, म्हणून मला ठाऊक. त्या नऊ जणांपैकी आज इथे डॉक्टर आहेत आणि कप्तान आहेत. तिसरा माझा भाऊ, तो घरी आहे. आणि माइक बंद पडल्याचं वाक्य त्याचंच आहे. माझ्यासमोर लिहिलं त्याने. तो माणूस लिहून देईल, मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो? रांगच नव्हती! एक खुर्चीसुद्धा नव्हती!"

आता कोणी हसलं नाही.

"म्हणून कबुली लिहिणारा नऊ जणांतला नाही. डॉक्टर नाहीत, कप्तान नाहीत. त्यांनी तेराव्याचं नाव चुकूनही घेतलं नसतं. राहिले दोघं. सचिवबाईंना पत्राबद्दल डॉक्टरांनी ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि पत्रात काय आहे हे माहीत नसताना त्या कशाला असला उद्योग करतील? मुलाखत घेतली ती इतिहासकाराने. तेराव्या संमेलनावर अख्खं प्रकरण लिहिलं तेही त्यानेच. ते पत्र बाहेर आलं असतं, तर नऊ वर्षांचं पुस्तक रद्दीवाचनाला गेलं असतं."

"ताई, पुरावा?" इतिहासकार ओरडला. "पुरावा आहे का?"

"आहे. तुझ्याजवळच आहे. दुसऱ्या कोणी ते पत्र जाळलं असतं. पण गंजक्या टाचणीसाठी आठ दिवस न बोलणारा माणूस कप्तानच्या हातचं पत्र जाळेल? तुझ्याच्याने व्हायचं नाही ते."

इतिहासकाराचा हात आपसूक फाईलवर गेला होता, आणि तो चारशे माणसांनी पाहिला. सचिवबाईंनी हात पुढे केला. बराच वेळ तो फाईल सोडेना. शेवटी सोडली, आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "चौथा कप्पा. जपून काढा, घडीवर विरलंय."

"नऊ वर्षं घालवली हो मी," तो ताईंना म्हणाला.

"माझ्या भावाची सव्वीस गेली," ताई म्हणाल्या.

पत्र हातात आलं. ताईंनी ते वाचलं नाही. सरळ कप्तानपुढे धरलं.

"सकाळी 'तेरावं संमेलन' ऐकलंत आणि तुमची मान वर झाली. तुम्हाला त्याच क्षणी कळलं, हे खोटं आहे. दुपारी मी तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणालात, असेल खरं. कथा चोरलीत ती एकदा. आज सकाळपासून पाचपर्यंत तुम्ही माझ्या भावाला पुन्हा चोर होऊ दिलंत, आणि सत्काराला केस विंचरून बसलात. आता वाचा. अक्षर तुमचंच आहे."

"मला बरं वाटत नाहीये," कप्तान म्हणाला.

"बसून वाचा."

सुटका नाही हे त्याला चारशे चेहऱ्यांकडे बघून कळलं. तो उभा राहिला.

"'मित्रा, तुझी 'मुक्काम शून्य' दोनदा वाचली. शेवटी त्या माणसाला परत आणू नकोस, तिथेच राहू दे. स्पर्धेला नक्की पाठव. खरं सांगू, हेवा वाटला. असं मला...'" त्याचा आवाज घशातच अडकला.

"पुढे."

"'असं मला जन्मात सुचणार नाही.'"

"मागच्यांना ऐकू आलं नाही," ताई म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी डॉक्टरांनाही ऐकू गेलं असावं, त्यांनी चेहरा ओंजळीत लपवला. ताई त्यांच्याकडे वळल्या. "आणि हे पत्र सव्वीस वर्षांपूर्वी वाचून चूप बसलेले गृहस्थ हे. त्यांनाही बघून घ्या."

कप्तान खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. म्हातारा एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "हात जोडतो. माफ कर मला."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. लोकांना वाटलं, आता ताई विरघळतील. वयस्क माणूस, जोडलेले हात.

"माफच करायचं असतं," ताई म्हणाल्या, "तर पंचवीस वर्षं पेटीवर बसून कशाला राहिले असते? पहिल्याच वर्षी केलं असतं आणि सुखाने झोपले असते. मला माफ नाही करायचं. पुढच्या आवृत्तीवर माझ्या भावाचं नाव येईल, शाळेच्या पुस्तकात येईल, आणि ते तुम्ही स्वतः अर्ज लिहून, दारोदार फिरून आणवाल. तोवर जगा."

त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि स्वतः जाऊन दारं उघडली.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं अजून गच्चीवर होती. दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता. समोर उघडा रेडिओ, डाव्या हातात पेचकस. ताईंनी चप्पल काढल्या, त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गोंद, कबुली, फाईल, पत्र. दादा पापणी न हलवता ऐकत होता.

"किती माणसं होती?" त्याने विचारलं.

"चारशेच्या वर."

"मधे कोणी उठून गेलं?"

"दारं लावून घेतली होती मी."

"आवाज कापत होता त्याचा?"

"हो. दोन्ही वेळा."

दादाने पेचकस खाली ठेवला. सव्वीस वर्षांत ताईंनी त्याच्या तोंडून कप्तानबद्दल वाईट शब्द ऐकला नव्हता. लोक म्हणत, देवमाणूस आहे, सगळं विसरला. त्याने उशी पाठीशी नीट ओढून घेतली, ऐसपैस टेकला, आणि त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"आता पुन्हा सांग," तो म्हणाला. "तो वाचायला उभा राहिला तिथपासून. आणि सावकाश सांग."